वेस्टाचा शोध लावणारे डॉक्टर : हाइन्रिख ओल्बर्स



मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मधल्या विस्तीर्ण जागेत लहानमोठे खडकाळ गोळे सूर्याभोवती फिरत असतात, हे आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचले असेल. त्यांना लघुग्रह म्हणतात. आजवर दहा लाखांहून अधिक लघुग्रहांची नोंद झालेली आहे. त्यांतील बहुतेक इतके लहान की मोठ्या दुर्बिणीतूनही नुसता ठिपका दिसावा. पण काही खरोखर मोठे आहेत. त्यांपैकी वेस्टा हा एक. त्याचा सरासरी व्यास सुमारे ५२५ किलोमीटर असून सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला त्याला साधारण तीन वर्षे साडेसात महिने लागतात. सर्व लघुग्रहांत हाच सर्वांत तेजस्वी. अनुकूल काळी, अगदी काळोख्या रात्री, नजर तीक्ष्ण असेल तर तो दुर्बिणीवाचूनही दिसू शकतो.

हा वेस्टा ज्यांनी प्रथम ओळखला ते कोणत्याही वेधशाळेचे पगारी शास्त्रज्ञ नव्हते. ते गावात रोगी तपासणारे डॉक्टर होते. दिवसभर रोग्यांच्या घरी जायचे, औषधे लिहून द्यायची, आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावर दुर्बीण लावून बसायचे, असा त्यांचा जवळजवळ चाळीस वर्षांचा क्रम होता. त्यांचे नाव हाइन्रिख विल्हेल्म मॅथियास ओल्बर्स. त्यांच्याविषयी चार गोष्टी आपणांस सांगाव्यात, असे बरेच दिवस मनात होते.

ओल्बर्स यांचा जन्म ११ ऑक्टोबर १७५८ रोजी उत्तर जर्मनीतील ब्रेमेन शहराजवळ आर्बेर्गेन या खेड्यात झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. सोळा भावंडे, त्यांत हाइन्रिख आठवे. पुढे वडिलांची नेमणूक ब्रेमेनला झाली आणि मुलाचे शिक्षण त्या शहरात झाले. आकाशाची ओढ लहानपणीच लागली होती. परंतु एवढ्या मोठ्या कुटुंबातील मुलाने पोटापाण्याचा धंदा शिकणे भागच होते. १७७७ साली ते गटिंगेनच्या विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी दाखल झाले. तेथे केस्टनर नावाचे गणिताचे नामांकित प्राध्यापक होते. वैद्यकाचे तास संपवून ओल्बर्स त्यांच्याकडे गणित शिकू लागले. कोणी सांगितले म्हणून नव्हे, परीक्षेत गुण मिळावेत म्हणूनही नव्हे.

१७७९ साली आकाशात एक धूमकेतू दिसत होता. त्याच सुमारास त्यांचा एक विद्यार्थी मित्र आजारी पडला. त्या आजाऱ्याच्या उशाशी जागरण करता करता ओल्बर्स यांनी धूमकेतूची वाट गणिताने काढण्याची एक नवी रीत शोधली, असे सांगतात. थोड्या दिवसांच्या निरीक्षणावरून धूमकेतू कोणत्या मार्गाने जाईल हे ठरवणे त्या काळी फार कष्टाचे काम होते. पानेच्या पाने आकडेमोड करावी लागे आणि शेवटी उत्तर चुकले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ओल्बर्स यांनी वाट पुष्कळ सोपी केली. वय अवघे वीस-एकवीस. ही रीत त्यांनी पुढे सविस्तर लिहून काढली आणि ती १७९७ साली वायमार येथे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. फॉन झाख नावाच्या ज्योतिर्विदाने ती छापवून घेतली. त्यानंतर शंभर वर्षे आणि अधिकही ती वापरात राहिली. धूमकेतूचे गणित करणाऱ्या माणसाला ओल्बर्स हे नाव ठाऊक नाही, असे होत नसे.

पदवी घेऊन ते काही काळ व्हिएन्नाच्या रुग्णालयांत अनुभव घेण्यासाठी गेले आणि १७८१ च्या अखेरीस ब्रेमेनला येऊन त्यांनी दवाखाना थाटला. धंद्यात जम बसला. देवीच्या साथींनी तेव्हा घरेच्या घरे ओस पडत असत. देवी टोचून घेण्याविषयी लोकांच्या मनात भीती होती. ओल्बर्स यांनी आपल्या शहरात लसीचा पुरस्कार केला. गावात त्यांना मान होता तो प्रथम डॉक्टर म्हणून, ज्योतिर्विद म्हणून नंतर.

झांटस्ट्रासे या रस्त्यावर त्यांचे घर होते. त्याच्या वरच्या मजल्यावर त्यांनी आपली वेधशाळा केली. वेधशाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गोल घुमट उभा राहतो. तसे येथे काही नव्हते. मोठाल्या खिडक्या आणि त्यांतून बाहेर डोकावणाऱ्या दुर्बिणी, एवढाच सरंजाम. एक सुमारे पाच फूट लांबीची, लंडनच्या डॉलंड यांच्या कारखान्यातील दुर्बीण होती, आणि धूमकेतू हुडकण्यासाठी आकाशाचा मोठा भाग एकदम दाखवणारी एक लहान दुर्बीण. रात्री चार तासांहून अधिक झोप ते घेत नसत, असे त्यांच्याविषयी लिहिलेले आढळते. भिंतींना कपाटे आणि कपाटांत पुस्तके. धूमकेतूंवर जे जे छापलेले मिळेल ते ते त्यांनी विकत घेतले. पैसा डॉक्टरकीचा आणि खर्च आकाशावर.

आता थोडे गणित. घाबरू नका, पाचवीतल्या मुलालाही समजेल. ०, ३, ६, १२, २४, ४८, ९६ असे आकडे ओळीने लिहा. पहिले दोन सोडले तर पुढचा प्रत्येक आकडा मागच्याच्या दुप्पट. आता प्रत्येकात ४ मिळवा. ४, ७, १०, १६, २८, ५२, १०० हे आकडे आले. पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर १० मानले तर बुधाचे जवळजवळ ४ येते, शुक्राचे ७, मंगळाचे १५ च्या थोडे वर, गुरूचे ५२ आणि शनीचे ९५. जर्मनीतील टिटियस यांनी १७६६ साली हे दाखवले आणि बोडे यांनी १७७२ पासून त्याचा प्रसार केला. १७८१ साली विल्यम हर्शेल यांना युरेनस सापडला. या कोष्टकाप्रमाणे पुढचा आकडा १९६ आणि युरेनसचे खरे अंतर १९२ निघाले. मग तर लोकांचा विश्वास पक्का झाला. परंतु २८ या आकड्यावर कोणीच नव्हते. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये जागा रिकामी होती. तेथे एखादा ग्रह लपलेला असला पाहिजे, असे पुष्कळांना वाटू लागले. (हे कोष्टक म्हणजे काही निसर्गनियम नव्हे. १८४६ साली नेपच्यून सापडला तेव्हा ते साफ चुकले. पण तोवर त्याने आपले काम केले होते.)

सप्टेंबर १८०० मध्ये ब्रेमेनजवळच्या लिलिएंथाल या गावी सहा माणसे जमली. त्या गावचे न्यायाधिकारी श्रोटर यांनी स्वतःच्या हौसेने मोठी वेधशाळा बांधली होती. तेथे ही बैठक झाली. फॉन झाख होते, श्रोटर यांचे सहायक हार्डिंग होते, आणि ओल्बर्सही होते. सूर्य ज्या राशींतून फिरतो त्या पट्ट्याचे चोवीस भाग पाडायचे, युरोपातल्या चोवीस ज्योतिर्विदांना एकेक भाग वाटून द्यायचा आणि लपलेला ग्रह शोधून काढायचा, असे ठरले. जणू फरारी आरोपीसाठी पोलिसांनी नाकेबंदी करावी. पुढे या मंडळींना आकाशातले पोलीस असे गमतीचे नावही पडले.

पण आरोपी सापडला तो भलत्याच ठिकाणी. इटलीच्या दक्षिणेस सिसिली बेट आहे. तेथील पालेर्मो शहरात पियात्सी नावाचे धर्मोपदेशक ताऱ्यांची यादी तयार करीत होते. त्यांची वेधशाळा राजवाड्याच्या मनोऱ्यावर होती. येथे थोडे थांबून सांगण्यासारखे आहे की पालेर्मोवर ८३१ पासून १०७२ पर्यंत मुसलमानांचे राज्य होते, आणि ज्या जागी पियात्सी यांची दुर्बीण उभी होती त्याच जागी पूर्वी अरब अमीरांचा वाडा होता. असो. १ जानेवारी १८०१ च्या रात्री पियात्सी यांना एक अनोळखी तारा दिसला. दुसऱ्या रात्री तो सरकलेला होता. तो तारा नव्हता. त्याला सेरेस असे नाव मिळाले. ११ फेब्रुवारीपर्यंत पियात्सी यांनी त्याची स्थाने टिपली, मग ते आजारी पडले आणि सेरेस सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला.

सापडलेला ग्रह हरवला! एवढ्या थोड्या निरीक्षणावरून तो पुन्हा कोठे उगवेल हे कोणालाही सांगता येईना. तेव्हा ब्रुन्सविक येथील चोवीस वर्षांच्या एका तरुणाने नवे गणित करून त्याची जागा सांगितली. हे कार्ल फ्रीड्रिख गाउस. आज गणिताचा कोणताही विद्यार्थी त्यांचे नाव आदराने घेतो. गाउस यांनी सांगितलेल्या जागेजवळ, कन्या राशीत, ३१ डिसेंबर १८०१ च्या रात्री फॉन झाख यांना सेरेस पुन्हा सापडला आणि लगोलग दुसऱ्याच रात्री ब्रेमेनमध्ये ओल्बर्स यांनाही. त्यांना फॉन झाख यांची बातमी अजून कळलेली नव्हती.

आता त्यांच्या स्वभावाकडे पाहा. सेरेस सापडला, काम झाले, असे म्हणून ते थांबले नाहीत. त्याच्या आसपासचे सगळे बारीक तारे त्यांनी ओळख करून घ्यावी तसे पाहून ठेवले. कोणता तारा कोठे, कोणाच्या शेजारी, हे त्यांना पाठ झाले. २८ मार्च १८०२ च्या रात्री ते पुन्हा कन्या राशीचा तोच भाग पाहत होते. तेथे दोन ओळखीच्या ताऱ्यांबरोबर एक तिसरा तारा समभुज त्रिकोण करून बसलेला दिसला. जानेवारीत येथे तारा नव्हता, याविषयी त्यांची खात्री होती. दोन तास त्यांनी नजर ठेवली. तेवढ्यात तो किंचित सरकला. तोही सूर्याभोवती फिरणाराच निघाला. त्याला पॅलस म्हणतात. तो सुमारे ५१० किलोमीटर व्यासाचा, सापडलेला दुसरा लघुग्रह.

आपल्या गल्लीत नवा माणूस आला तर रोज तेथे राहणाऱ्यालाच तो कळतो. वाटसरूला कसा कळणार? पॅलसच्या शोधाचे मर्म मला तरी यातच दिसते. ओल्बर्स यांच्याहून मोठ्या दुर्बिणी तेव्हा युरोपात अनेकांजवळ होत्या.

पॅलसने मात्र घोटाळा केला. एका ग्रहासाठी जागा आणि तेथे दोन हजर! शिवाय पॅलसची कक्षा इतर ग्रहांच्या पातळीशी चौतीस अंशांहून अधिक तिरकी. दोन्ही फार लहान. हर्शेल यांनी त्यांना ग्रह न म्हणता ॲस्टेरॉइड, म्हणजे ताऱ्यासारखे दिसणारे, असे नाव सुचवले. ओल्बर्स यांनी वेगळाच विचार मांडला. त्यांचे म्हणणे असे की येथे पूर्वी एक पूर्ण ग्रह होता, काही कारणाने तो फुटला आणि सेरेस व पॅलस हे त्याचे तुकडे आहेत. मग तुकडे दोनच कसे असतील? आणखी असले पाहिजेत. फुटलेल्या वस्तूचे सगळे तुकडे कोठेही गेले तरी फेरी पुरी करताना फुटण्याच्या जागेवरून पुन्हा जातील. सेरेस आणि पॅलस यांच्या वाटा आकाशात दोन ठिकाणी एकमेकींजवळ येतात. एक जागा कन्या राशीत आणि दुसरी समोरच्या बाजूला तिमिंगल या तारकासमूहात. तेव्हा सारे आकाश धुंडाळण्याची गरज नाही, या दोन दारांवर पहारा ठेवला म्हणजे पुरे.

जाता जाता सांगतो, या तिमिंगलातील ताऱ्यांची नावे युरोपच्या नकाशांतही अरबीच आहेत. मेनकार म्हणजे नाकपुडी आणि देनेब कैटोस म्हणजे तिमिंगलाची शेपटी. इराणमध्ये अब्दुर्रहमान सूफी यांनी सन ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यासारख्या अरबी ग्रंथांतून अशी नावे पश्चिमेकडे गेली आणि तेथेच रुळली. जर्मन डॉक्टर रात्री आकाश पाहत बसला तरी जिभेवर शब्द आपले येत.

पहारा सुरू झाला. १ सप्टेंबर १८०४ रोजी लिलिएंथालच्या हार्डिंग यांना तिसरा लघुग्रह जूनो सापडला, तोही मीन राशीत, तिमिंगलाच्या शेजारीच. ओल्बर्स यांना वाटले, आपला तर्क बरोबर. मग ते ठरावीक क्रमाने वर्षातून अनेकदा त्या दोन भागांतले बारीक तारे तपासू लागले. एक वर्ष गेले, दुसरे गेले. त्या रात्रींची मोजदाद कोण करणार? दिवसा रोगी चुकत नव्हते आणि उत्तर जर्मनीत वर्षातल्या बऱ्याच रात्री ढगाळ असतात. अखेर २९ मार्च १८०७ च्या संध्याकाळी कन्या राशीच्या उत्तरेकडील भागात त्यांना एक बऱ्यापैकी तेजस्वी, अनोळखी तारा दिसला. पॅलस सापडल्याला पाच वर्षे आणि एक दिवस झाला होता. रास तीच, घर तेच, खिडकीही तीच म्हणा ना. हाच वेस्टा.

त्यांनी निरीक्षणे गाउस यांच्याकडे पाठवली. गाउस यांनी अवघ्या दहा तासांच्या आकडेमोडीत त्याची कक्षा काढली. नाव ठेवण्याचा मान शोधणाराचा असतो, पण तो ओल्बर्स यांनी गाउस यांना देऊन टाकला. गाउस यांनी रोमन लोकांच्या दंतकथांतील चुलीच्या देवतेचे नाव निवडले.

ओल्बर्स आणि गाउस यांचा स्नेह जन्मभर टिकला. गाउस वयाने एकोणीस वर्षांनी लहान. त्यांना गटिंगेनच्या वेधशाळेचे प्रमुखपद मिळावे म्हणून ओल्बर्स यांनी मनापासून खटपट केली आणि १८०७ साली ते मिळाले. तेवढ्यात नेपोलियनच्या फ्रेंच सरकारने तेथील लोकांवर युद्धखंडणी बसवली. गाउस यांच्या वाट्याला दोन हजार फ्रँक आले. पगार अजून हाती पडायचा होता. ओल्बर्स यांनी न मागता पैसे पाठवून दिले. गाउस मानी होते, त्यांनी ते परत केले. मैत्रीत त्यामुळे उणे आले नाही.

पालकहो, आता जी हकिकत सांगतो ती विशेषतः आपल्यासाठी आहे. ब्रेमेन हे बंदर. तेथे कुलेनकाम्प नावाची एक मोठी व्यापारी पेढी होती. १७९९ साली तिच्यात चौदा वर्षांचा एक मुलगा उमेदवार म्हणून आला. सात वर्षे काम शिकायचे, पगार नाही, असा करार. नाव फ्रीड्रिख विल्हेल्म बेसेल. लॅटिन जमत नव्हते म्हणून त्याने शाळा सोडली होती. दिवसभर हिशेबाच्या वह्या लिहायच्या. पुढेमागे पेढीच्या जहाजावर मालाचा कारभारी म्हणून जाता येईल, या आशेने तो रात्री नौकानयन शिकू लागला. समुद्रात जहाज कोठे आहे हे ताऱ्यांवरून ठरवतात, म्हणून तारे शिकू लागला. ताऱ्यांसाठी गणित हवे, म्हणून गणित. शिकवणारा कोणी नव्हता. १६०७ साली दिसलेल्या हॅलेच्या धूमकेतूची इंग्लंडमध्ये केलेली जुनी निरीक्षणे त्याच्या हाती पडली. त्यांवरून त्याने धूमकेतूची कक्षा काढली. रीत ओल्बर्स यांचीच वापरली. आणि १८०४ च्या जुलैमध्ये एके दिवशी भर रस्त्यात डॉक्टर ओल्बर्स यांना गाठून ते कागद दाखवण्याची परवानगी मागितली.

आपल्या वस्तीतही दहावीनंतर दुकानात बसणारी मुले थोडी नाहीत. अशा एखाद्या नोकर मुलाने शहरातल्या मोठ्या डॉक्टराला रस्त्यात थांबवले तर काय होईल, याची कल्पना आपण करू शकता. ओल्बर्स यांनी कागद घरी नेले आणि वाचले. काम पाहून ते चकित झाले. थोडी आणखी मेहनत सुचवून त्यांनी तो निबंध फॉन झाख यांच्या मासिकात छापून येईल अशी व्यवस्था केली. पुढे १८०६ साली लिलिएंथालच्या वेधशाळेत जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी बेसेलचे नाव सुचवले. पेढीवाले आता चांगला पगार द्यायला तयार होते. बेसेलने तो सोडून वेधशाळेची तुटपुंजी नोकरी पत्करली. १८१० साली प्रशियाच्या राजाने त्यांना कोनिग्सबर्गच्या नव्या वेधशाळेचे प्रमुख आणि प्राध्यापक नेमले. विद्यापीठाची पदवी नव्हती, ती गाउस यांच्या शिफारशीवरून गटिंगेनने दिली. याच बेसेल यांनी १८३८ साली हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर मोजून जाहीर केले. तारे किती दूर आहेत हा प्रश्न माणसाला हजारो वर्षे पडलेला होता. ओल्बर्स तेव्हा ऐंशी वर्षांचे होते आणि ही बातमी ऐकायला हयात होते. खगोलशास्त्राची आपल्या हातून सर्वांत मोठी कोणती सेवा घडली असेल, तर बेसेलला ओळखले ही, असे ते म्हणत. दोन लघुग्रह ज्यांच्या नावावर आहेत, त्यांनी हे म्हणावे!

त्यांचा स्वतःचा संसार मात्र सुखाचा झाला असे म्हणवत नाही. १७८५ साली लग्न झाले आणि वर्षभरात पत्नी बाळंतपणात गेली. डॉक्टर असून ते तिला वाचवू शकले नाहीत. मागे एक मुलगी राहिली. पुढे त्यांनी दुसरे लग्न केले. तिचा एक मुलगा. ती मुलगी १८१८ साली वारली आणि दुसरी पत्नी १८२० साली. मधल्या काळात ब्रेमेन फ्रेंच साम्राज्यात सामील केले गेले आणि शहराचे प्रतिनिधी म्हणून त्यांना पॅरिसला जावे लागले. १८१३ साली फ्रेंच सैन्याने लिलिएंथाल गाव जाळले. वेधशाळा लुटली गेली. ज्या गावात बसून मित्रांनी आकाश वाटून घेतले होते, तेथे राख उरली. श्रोटर त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. पत्नीच्या मृत्यूनंतर ओल्बर्स यांनी हळूहळू डॉक्टरकी सोडली आणि उरलेला वेळ आकाशाला दिला.

१८२३ साली त्यांनी एक साधाच वाटणारा प्रश्न विचारला. रात्री अंधार का असतो? मूल हसेल आणि म्हणेल, सूर्य नसतो म्हणून. पण जर विश्व अमर्याद असेल आणि तारे सगळीकडे सारखे पसरलेले असतील, तर कोणत्याही दिशेने पाहिले तरी नजर शेवटी एखाद्या ताऱ्यावरच जाऊन आदळली पाहिजे. दाट जंगलात जिकडे पाहावे तिकडे झाडाचा बुंधाच दिसतो, तसे. मग सारे आकाश सूर्यासारखे झगझगीत हवे. हा प्रश्न त्यांच्याही आधी काहींनी विचारला होता, तरी जगात तो ओल्बर्स यांच्या नावाने ओळखला जातो. अवकाशात मधे काहीतरी प्रकाश शोषून घेत असावे, असे उत्तर त्यांनी दिले. ते बरोबर नव्हते, कारण शोषणारी वस्तूही शेवटी तापून चकाकू लागेल. विश्वाला वयाची मर्यादा आहे आणि फार दूरच्या ताऱ्यांचा उजेड अजून आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही, हे मुख्य उत्तर पुष्कळ नंतर मिळाले.

फुटलेल्या ग्रहाची कल्पनाही चुकीची ठरली. सगळे लघुग्रह एकत्र केले तरी त्यांचे वस्तुमान आपल्या चंद्राच्या वीस भागांतील एका भागाइतकेही भरत नाही. तेथे ग्रह फुटला नाही, मुळात तयारच झाला नाही. शेजारच्या प्रचंड गुरूच्या ओढीमुळे ते तुकडे एकत्र येऊ शकले नाहीत. चुकीच्या तर्काने ओल्बर्स यांना योग्य ठिकाणी नेले. अर्थात रात्रीमागून रात्र तेथे जाऊन पाहिले नसते तर नुसत्या तर्काने, तो खरा असो की खोटा, वेस्टा हाती लागला नसता.

गंमत अशी की वेस्टा स्वतः मात्र खरोखरच फुटता फुटता वाचलेला आहे. अमेरिकेचे डॉन नावाचे यान २००७ साली निघाले आणि जुलै २०११ पासून सप्टेंबर २०१२ पर्यंत वेस्टाभोवती फिरत राहिले. त्याने काढलेल्या छायाचित्रांत वेस्टाच्या दक्षिण ध्रुवाकडे सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचा खड्डा दिसला. म्हणजे जवळजवळ वेस्टाच्या व्यासाएवढा! कधी काळी कोणीतरी येऊन आदळले आणि त्याचे असंख्य तुकडे अवकाशात उडाले. त्यांपैकी काही पृथ्वीवर उल्कापाषाण म्हणून पडतात. आपल्या देशातही पडले आहेत. जून १९९६ मध्ये राजस्थानातील पाली जिल्ह्यात पिपलिया कलां या गावी एक उल्कापाषाण पडला. तो वेस्टावरून आलेल्या दगडांच्या जातीचा आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांना त्यात एका अल्पायुषी किरणोत्सारी ॲल्युमिनियमच्या खुणा सापडल्या आणि १९९९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. सूर्यमाला बाल्यावस्थेत असताना एवढासा गोळा आतून वितळण्याइतका कशाने तापला, याचे उत्तर त्या दगडात होते. ओल्बर्स यांनी ज्याला जन्मभर प्रकाशाचा ठिपका म्हणून पाहिले, त्याचाच बहुधा हा तुकडा, भारतीय शास्त्रज्ञांनी हातात घेऊन तपासला.

ओल्बर्स यांचे निधन २ मार्च १८४० रोजी ब्रेमेनमध्ये झाले. वय एक्याऐंशी. पाचवा लघुग्रह त्यांना पाहायला मिळाला नाही. तो १८४५ च्या डिसेंबरात सापडला आणि शोधणारे हेंके हे टपाल खात्यातले निवृत्त नोकर होते. ओल्बर्स यांनी धूमकेतूंवरची जमवलेली पुस्तके रशियातील पुल्कोवो येथील नव्या वेधशाळेने विकत घेतली. ब्रेमेनमध्ये त्यांचा पुतळा आहे, चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे आणि १००२ क्रमांकाच्या लघुग्रहाला ओल्बर्सिया म्हणतात.

त्यांनी ६ मार्च १८१५ रोजी शोधलेला एक धूमकेतूही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो साधारण सत्तर वर्षांनी सूर्याजवळ येतो. १८८७ साली आला, १९५६ साली आला आणि अलीकडे २०२४ च्या जूनअखेर येऊन गेला. आता तो २०९४ च्या सुमारास येईल. आज पहिलीच्या वर्गात बसणारे मूल तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात असेल.